पपी चाऊ करताना चॉकलेट रवाळ होतं आणि तुकडे चिकटून बसतात, काय चुकतंय?

पपी चाऊ म्हणजे चेक्स या जाळीदार, चौकोनी सीरियलला चॉकलेट, पीनट बटर आणि पिठीसाखर लावून केलेला अमेरिकन खाऊ. तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या आहेत: डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, चॉकलेट एकदम आळलं, आणि साखर लावल्यावर सगळ्याचा एकच गोळा झाला. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिलं कारण पाणी. वितळलेल्या चॉकलेटमध्ये वाफेचे चार थेंब पडले तरी त्यातली साखर आणि कोको ओलं होऊन एकमेकांना धरतात. मी हे अमेरिकेतल्या आयोवात आमच्या शेजारणीकडे शिकले. तिने भांडं कोरड्या फडक्याने पुसलं, बोट फिरवून पाहिलं आणि पुन्हा पुसलं. उलथनंही तसंच. डबल बॉयलर सोडा, मायक्रोवेव्ह बरा.

प्रमाण असं: 9 कप चेक्स, 1 कप चॉकलेट चिप्स, अर्धा कप पीनट बटर, पाव कप बटर, 1 छोटा चमचा व्हॅनिला, दीड कप पिठीसाखर. चिप्स, पीनट बटर आणि बटर एकत्र करून 1 मिनिट गरम करा, ढवळा, लागलं तर आणखी 30 सेकंद. सगळ्या चिप्स विरघळेपर्यंत थांबू नका, शेवटच्या दोन-चार ढवळताना आपोआप विरघळतात. व्हॅनिला खाली उतरवल्यावर घाला.

आता हे चेक्सवर ओता आणि पातळ पोह्यांचा चिवडा हलवतो तसं हलक्या हाताने खालून वर घ्या. चेक्सच्या जाळीत चॉकलेट छान अडकतं, म्हणून तेच घ्यावं. कॉर्नफ्लेक्सचा चुरा होतो.

गोळा होण्याचं कारण घाई. गरम चॉकलेट साखर पिऊन टाकतं आणि वर तपकिरी, चिकट डाग उरतात. पाच-सात मिनिटं थांबा. हाताला कोमट लागलं, पण अजून चिकट असलं, की झिपच्या मोठ्या पिशवीत अर्धी साखर, त्यावर चेक्स, वर उरलेली साखर घालून हलवा. मग बटर पेपरवर सुटं पसरून पूर्ण गार होऊ द्या, त्याआधी डब्यात भरू नका. साखर घरी दळली असेल तर त्यात चमचाभर कॉर्नफ्लोर मिसळा, विकतच्या पिठीसाखरेत ते बहुधा असतं.

पपी चाऊ हे नाव कुत्र्याच्या पिल्लांच्या खाण्यावरून पडलंय. चेक्सची मूळ कंपनी राल्स्टन प्युरिना तेही बनवायची. आता चेक्स जनरल मिल्सचे आहेत आणि ते यालाच मडी बडीज म्हणतात. पण घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा, चॉकलेट त्याच्यासाठी विषारी आहे. आणि मुलांच्या शाळेत नेणार असाल तर आधी शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं विचारा. तिथे सूर्यफुलाच्या बियांचं बटर त्याच मापाने चालतं, मी नेहमी तेच नेते.