'आयटीला सूट आहे' हे तुम्हाला सांगितलं कोणी?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1970 चा कंत्राटी कामगार कायदा तिच्यात सामावला गेला. तेव्हापासून सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांकडून कंत्राटी कामगारांच्या, म्हणजे कंत्राटदारामार्फत घेतलेल्या माणसांच्या, नियमांबद्दल आणि त्यांतून आयटीला सूट आहे का याबद्दल त्याच त्या शंका येत आहेत. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देते.

प्रश्न : आमच्याकडे गुमास्ता परवाना आहे. तो पुरेसा नाही का?

नाही. तो दुकाने व आस्थापना कायद्याखालचा आहे, त्याचा कंत्राटी कामगारांशी संबंध नाही.

प्रश्न : सफाईला 30, कँटीनमध्ये 15 आणि टेस्टिंगला 12 माणसं आहेत. कंत्राटदार तीन, कुणाचीच 50 माणसं नाहीत. मग आम्ही सुटलो ना?

सुटला नाहीत. आस्थापनेची बेरीज एकत्र होते आणि तुमची 57 भरते. मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी आकडा 50 ला पोचला असेल, तरी तरतुदी लागू होतात. पाणी, स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा यांसारख्या सोयी मुख्य मालक म्हणून, म्हणजे कंत्राटदाराकडून काम करून घेणारी कंपनी म्हणून, तुम्हीच द्यायच्या. कंत्राटदाराने पगार थकवला तर तोही तुमच्याच गळ्यात येतो. माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला कंत्राटदाराचा परवाना लागतो की नाही, हे तिच्या सगळ्या ठिकाणच्या माणसांवरून ठरतं. तेव्हा तुमच्याकडे तिची बाराच आहेत यावर विसंबू नका, तिच्याकडून लेखी माहिती मागा.

प्रश्न : आमचे 140 अभियंते एका बँकेच्या कार्यालयात बसून काम करतात. सगळे आमच्याच पगारपत्रकावर आहेत. सल्लागार म्हणतात, आयटीला हे लागूच नाही.

त्यांना कलम दाखवायला सांगा. आयटी क्षेत्राला सरसकट वगळणारी ओळ संहितेच्या कंत्राटी कामगारांविषयीच्या भागात नाही. कर्नाटक सरकारने आयटी कंपन्यांना सशर्त सूट दिली होती, पण ती स्थायी आदेशांच्या, म्हणजे आस्थापनेतल्या नोकरीच्या लेखी नियमांच्या, कायद्यातून. तो कायदा वेगळा, राज्यही वेगळं. तरीही ऐकीव माहितीवर लोक कोट्यवधींचे करार करतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

तुम्हाला आधार मिळू शकतो तो 'कंत्राटी कामगार' या व्याख्येत. कंत्राटदाराकडे नियमित नोकरीत असलेला, उभयपक्षी मान्य सेवाशर्तींवर काम करणारा, ठरावीक काळाने पगारवाढ, सामाजिक सुरक्षा आणि कायद्याने देय असलेले इतर लाभ मिळणारा माणूस त्या व्याख्येतून वगळला आहे. या सगळ्या अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. आता तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा. पहिल्या पानावर 'कायम' आणि चौथ्या पानावर 'क्लायंटचं काम संपताच सेवा आपोआप समाप्त', अशी पत्रं माझ्यासमोर वारंवार येतात. पगारवाढीच्या रकान्यात 'क्लायंटने दर वाढवल्यास' असं लिहिलेलं असतं. अशा कागदावर माणूस नियमित नोकरीत आहे हे तुम्ही कसं सिद्ध करणार? प्रकल्प संपल्यावर त्याला बेंचवर, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंत बसून असताना, पगार दिला का, भविष्य निर्वाह निधी भरला का, मागची पगारवाढ कधी दिली, हे तपासलं जाईल. काही सल्लागार पैसे घेऊन 'सूट प्रमाणपत्र' देतात. त्यांच्या लेटरहेडला कायद्यात काहीही किंमत नाही. बँकेशी केलेला करार, नेमणूकपत्रं आणि वर्षभराची पगारपत्रकं घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा.

प्रश्न : आमचं मुख्य काम प्रोग्रॅमिंगच आहे. त्यासाठी एजन्सीकडून प्रोग्रॅमर घेता येतील का?

मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे. अपवाद मोजके आहेत : ते काम एरवीही कंत्राटानेच होत असेल, दिवसाचा बराचसा वेळ पूर्णवेळ माणसं लागत नसतील, किंवा काम अचानक वाढून मुदतीत संपवायचं असेल. वर्षानुवर्षं चाललेल्या प्रकल्पाला 'अचानक' म्हणता येणार नाही. करार करण्याआधी सल्ला घ्या.

प्रश्न : एजन्सीने माझ्या पहिल्या पगारातून 'प्लेसमेंट शुल्क' कापलं. हे चालतं का?

नाही. कंत्राटदाराने कंत्राटी कामगाराकडून शुल्क किंवा कमिशन घ्यायला, थेट वा आडून, बंदी आहे. पगाराची पावती, बँकेचा उतारा आणि एजन्सीचे ईमेल जपून ठेवा व कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या.

प्रश्न : काम येत्या सोमवारी सुरू होतंय. कंत्राटदाराच्या परवान्याचा अर्ज नंतर केला तर?

परवाना लागणारच असेल तर तो हातात आल्याशिवाय माणसं पाठवू नका. तो पाच वर्षं चालतो, म्हणजे दर कामाला धावपळ करावी लागत नाही. पात्रता पूर्ण होत नसेल तर विशिष्ट कामापुरता परवाना मिळण्याची सोयही आहे. शुल्क, अनामत आणि अर्जाचा नमुना यांसाठी अर्जाच्या दिवशी लागू असलेले राज्याचे नियम बघा. सोमवारची तारीख पुढे ढकलण्याबद्दल क्लायंटशी आजच बोला.