स्पेक्ट्रोफोटोमीटर न घेता, घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर कृष्णधवल इंकजेट प्रिंटचं प्रोफाइल करता येईल का? स्कॅनर कोणता घ्यावा?

येतं. प्रोफाइल म्हणजे प्रिंटर त्या कागदावर कुठली छटा किती गडद छापतो ते मोजून केलेली दुरुस्ती, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणजे ते मोजायचं खास यंत्र. “स्कॅनर हे मोजायचं यंत्रच नाही” असं ठासून सांगणारे बरेच जण ऑटो एक्स्पोजर (स्कॅनर आपणहून उजेड कमी-जास्त करतो ते) चालू ठेवून स्कॅन करतात आणि मग स्कॅनरला नावं ठेवतात.

मी धनगरांच्या घोंगड्यांवर एक मालिका केली होती. काळ्या लोकरीची घोंगडी, खांद्यावर टाकलेली, बाजूने तिरपं ऊन. स्क्रीनवर विणीचा धागान्‌धागा दिसत होता. एका नावाजलेल्या लॅबमधून मॅट कॉटन कागदावर प्रिंट काढून आणली तर घोंगडीच्या जागी नुसतं डांबर. मालक म्हणाले, “मॅटवर काळं असंच बसतं, साहेब. प्रोफाइल आम्ही मशीनने केलंय.” म्हटलं, मग पायऱ्यांची पट्टी छापून द्या, मी स्कॅनरवर मोजतो. त्यावर चार गिऱ्हाइकांसमोर हसले. पट्टी दिली, पण पैसे घेऊन.

कोऱ्या कागदापासून पूर्ण काळ्यापर्यंत, ०, ५, १० असं करत १०० टक्क्यांपर्यंत २१ पायऱ्या. रात्रभर वाळू दिली, कारण ताज्या प्रिंटचं काळं फसवं असतं. मग काचेच्या मधोमध ती पट्टी आणि शेजारी कोडॅकची क्यू-१३ ग्रे स्केल, म्हणजे राखाडी छटांची तयार पट्टी. तिच्या २० पायऱ्यांची घनता, म्हणजे छटा किती गडद त्याचा आकडा, ०.०५ पासून १.९५ पर्यंत, ०.१० च्या अंतराने ठरलेली असते. त्यामुळे आपल्या स्कॅनरच्या कुठल्या आकड्याला खरी घनता किती, याचा तक्ता त्याच स्कॅनमधून हाती येतो. १६ बिट ग्रे, ऑटो आणि शार्पनिंग सगळं बंद, प्रत्येक चौकोनाची सरासरी. ८५, ९०, ९५ आणि १०० या चारही चौकोनांचे आकडे जवळपास सारखेच निघाले. माझ्या घोंगडीची अख्खी वीण नेमकी तिथेच होती.

पुढे तोच कागद घरच्या एप्सनमध्ये घातला, नवी पट्टी छापून मोजली, आकडे क्वाडटोनरिप या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये देऊन लिनियराइझ केलं, म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या अंतराने उतरतील असं केलं. वीण आली. कडेची सुटलेली दशीसुद्धा आली.

कृष्णधवलमध्ये मोजायचं तरी काय असतं? कागदावरून उजेड किती परत येतो, एवढंच. साधारण १८.४ टक्के परत आला की एल-स्टार (डोळ्याला दिसणाऱ्या उजळपणाचं ० ते १०० माप) ५०, म्हणजे घनता ०.७३ च्या आसपास. एवढ्यासाठी स्पेक्ट्रो घेणं म्हणजे तुळशीला पाणी घालायला टँकर बोलावणं.

स्कॅनर कोणता? घरात आहे तो. नवाच घ्यायचा तर सीसीडी प्रकारच्या सेन्सरवाला बघा, कागद जरासा फुगलेला असला तरी चालवून घेतो.

हो, आजूबाजूच्या पांढऱ्याचा उजेड काळ्या चौकोनात शिरतो आणि काळं आहे त्यापेक्षा फिकं मोजलं जातं. म्हणून चौकोनांचा क्रम विस्कटून दोन-तीन पट्ट्या छापा, सरासरी घ्या आणि भोवती काळा कार्ड ठेवा. ग्रे स्केलचा पृष्ठभाग तुमच्या कागदासारखा नसतो, तोही फरक पडतो. कुणा ओळखीच्याकडे स्पेक्ट्रो असेल तर तुमच्याच कागदावरची एक पट्टी एकदा मोजून घ्या आणि पुढे तिलाच संदर्भ धरा. शिवाय प्रिंटची उबदार किंवा थंड झाक स्कॅनरवर ठरवू नका. रंगीत शाया मिसळून काळं करणाऱ्या प्रिंटरवर तर नकोच, ते काम स्पेक्ट्रोचंच.

पण लॅबवाला “मॅटवर असंच” म्हणाला तर ऐकून घेऊ नका. मॅटचं सर्वांत गडद काळं १.६-१.७ घनतेच्या आसपास थांबतं, चकचकीत कागदाइतकं खोल जात नाही, हे मान्य. म्हणून शेवटच्या चार पायऱ्या एकमेकींत मिसळायलाच हव्यात असं नाही, त्याला कागद जबाबदार नसतो. मोठ्या प्रिंटची ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावरची पट्टी मागा. देत नसेल तर काम दुसरीकडे न्या.