यादी पाहुणीची, पेन्सिलही तिच्याच हातात

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नीट वाचलं. होम पार्टीत, म्हणजे एखादीच्या घरी जमलेल्या पाहुण्यांना वस्तू दाखवून विकताना, मांडणी करणं, डेमो देणं, त्यांना बोलतं करणं तुला छान जमायला लागलंय. पण ऑर्डर घ्यायची वेळ आली की खोलीत गोंधळ उडतो, असं तू लिहिलंस. ‘मघाशी दाखवलंत ते कोणतं हो?’ असं तिघीचौघी एकदम विचारतात, कॅटलॉगची ओढाओढ होते, आणि शेवटी बऱ्याच जणी समोर दिसेल ती एखादी वस्तू लिहून मोकळ्या होतात. तू याचं कारण तुझ्या बोलण्यात शोधते आहेस. मला वाटतं, तासभर तू दाखवतेस आणि त्या बघतात, पण बघितलेलं टिपून ठेवायला त्यांच्या हातात काहीच नसतं. सगळी अडचण तिथून सुरू होते.

दुकानात गिऱ्हाईक पुन्हा मागे वळून त्याच फळीपाशी जाऊ शकतं. होम पार्टीत ती सोय नसते. वस्तू एकदा समोर येते, हातोहात फिरते आणि पुढे जाते. खरं तर या पद्धतीचं बळही त्यातच आहे. अमेरिकेत ‘टपरवेअर’वाले अर्ल टपर यांनी १९५१ मध्ये आपली प्लास्टिकची भांडी दुकानांतून काढून घेतली आणि फक्त घरगुती पार्ट्यांतून विकायचं ठरवलं. ते झाकण हवाबंद कसं बसवायचं हे फळीवर ठेवलेल्या डब्याकडे नुसतं बघून लोकांना कळत नव्हतं. कुणीतरी करून दाखवावं लागायचं. ही भांडी विकणाऱ्या ब्राउनी वाइज यांनी ते घराघरांतून करून दाखवलं होतं, म्हणून त्याच वर्षी त्यांना कंपनीच्या उपाध्यक्षपदी नेमलं. दाखवण्याची ही कला तुझ्याकडे आहे. मात्र दाखवलेलं लक्षात राहण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते, आणि ती विकणारीनेच करायची असते.

लक्षात राहण्याचंही थोडं सांगते, कारण त्याशिवाय पाहुणीचं ‘विसरले बाई’ तुला खरं वाटणार नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलं होतं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी ध्यानात धरतो, एकदोन इकडेतिकडे. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा चारच्या आसपास आणला. तू पंचवीस वस्तू दाखवतेस, मध्ये गप्पा होतात, कुणाचं मूल रडतं, कुणाचा फोन वाजतो. शिवाय लांब यादीतलं सुरुवातीचं आणि शेवटचं जास्त आठवतं, मधलं पुसलं जातं. तुझ्या ऑर्डरींमध्ये पहिल्या आणि शेवटच्या वस्तूंची संख्या जास्त का, असा प्रश्न तुला पडला होता ना? मधल्या वस्तू कमी आवडल्या असं लगेच समजू नकोस. त्या आठवल्याच नसतील.

तर आता उपाय: प्रत्येक पाहुणीच्या हातात, आवडलेलं टिपायला एक चिठ्ठी. अर्ध्या पानाची पुरे. पूर्ण पान मांडीवर मावत नाही आणि समोर ठेवलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. वरच्या भागात तू त्या दिवशी दाखवणार असशील त्या वस्तूंचे क्रमांक आणि नावं छाप, मांडणीच्या क्रमानेच, आणि नावापुढे कॅटलॉगचं पान आणि किंमत. किंमत लपवू नकोस. काही जणी सांगतील की आधी मन बसू दे, मग किंमत सांग. ते ऐकू नकोस. किंमत शेवटी कळली की पाहुणीला सगळ्यांसमोर आपणच केलेली खूण खोडावी लागते, आणि ती पुढच्या पार्टीला येत नाही. नावापुढे दोन छोटे रकाने ठेव: रंग किंवा माप लिहायला एक, आणि कुणासाठी हवंय ते लिहायला एक. हा दुसरा रकाना फार कामाचा आहे. बऱ्याच जणी स्वतःसाठी काही घ्यायला संकोचतात, पण वस्तू हातात आल्यावर त्यांना बहीण, सून, मैत्रीण आठवते. ते नाव त्याच क्षणी लिहिलं गेलं पाहिजे. खाली चारपाच ओळी कोऱ्या सोड, कारण तू न आणलेली एखादी वस्तू कॅटलॉगमध्ये बघून कुणाला तरी हवी असतेच.

लिहायला पेन्सिल दे. पेनची शाई नमुन्याच्या कापडाला किंवा पिशवीला लागली की वस्तू खराब होते, आणि यजमानीणबाईंच्या गादीवर डाग पडला तर तुलाच वाईट वाटेल. पेन्सिलीने लिहिलेलं खोडताही येतं. पाहुणीला मन बदलायची मोकळीक असते, हे तिला न सांगताच कळतं. चिठ्ठीखाली धरायला पुठ्ठ्याचा तुकडा हवा. कॅटलॉगवर टेकवून लिहायला सांगितलंस तर तो उघडून बघणार कशी?

चिठ्ठ्या कधी वाटायच्या, यावर माझा ठाम आग्रह आहे. पाहुणी बसली की लगेच, पहिली वस्तू उचलायच्या आधी. दाखवून झाल्यावर दिलेला कागद म्हणजे ऑर्डर मागणं, आणि तो हातात येताच माणूस सावध होतो. आधी दिलेला कागद तिचा स्वतःचा असतो. एकच वाक्य बोल: ‘आवडेल त्याच्यापुढे खूण करत जा, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.’ हे मनापासून बोल. आणि नंतर तसंच वाग.

प्रत्येक वस्तूला क्रमांकाची छोटी चिठ्ठी दोऱ्याने बांध. टेबलावर वस्तूसमोर कार्ड ठेवून भागत नाही, कारण वस्तू टेबलावर राहत नाही. बारा पाहुण्या असल्या आणि प्रत्येकीने अर्धा मिनिट हातात धरली, तर ती शेवटच्या पाहुणीपाशी पोचायला साडेपाच मिनिटं लागतात. तोवर तू दोन वस्तू पुढे गेलेली असतेस. तिच्या हातात सात नंबर, तुझ्या तोंडी नऊ नंबर! क्रमांक वस्तूला बांधलेला असला तर ती निवांत वाचून खूण करते. तूही दाखवताना क्रमांक मोठ्याने म्हण, आणि वस्तू पुढे दिल्यावर थोडी थांब. ही थांबण्याची सवय नवीन मुलींना अवघड जाते; शांतता झाली की वाटतं सगळं थंड पडलं. शांत खोलीत पेन्सिली चालू असतात. तेवढा वेळ त्यांना दे.

सगळ्याच जणी लिहितील असं नाही. कुणी चष्मा विसरलेली असते, कुणाच्या मांडीवर बाळ असतं, कुणाला लिहायची सवय नसते आणि ते चारचौघींत सांगायचं नसतं. अशांसाठी रंगीत टिकल्यांच्या कागदाचा एक तुकडा बरोबर ठेव: आवडलेल्या क्रमांकावर टिकली चिकटवायची. पण तो एकीलाच देऊ नकोस, दोन्ही सोयी सगळ्यांसमोर ठेव आणि जिची तिला निवड करू दे. फोनवर फोटो काढणाऱ्यांना अडवू नकोस. फक्त सांग की बांधलेला क्रमांक फोटोत येऊ द्या. नुसत्या वस्तूचा फोटो दोन दिवसांनी बाकीच्या फोटोंत हरवतो, आणि सापडला तरी तो मोठा डबा होता की मधला, ते कळत नाही. आणि एक काम कधीच करू नकोस: पाहुणीच्या वतीने तू यादी लिहू नकोस, यजमानीणबाईंनाही लिहू देऊ नकोस. दुसऱ्याने लिहिलं की ‘हे पण लिहू का?’ असं विचारलं जातं, आणि नाही म्हणायची भीड पडते.

यादी खासगी असते. खांद्यावरून डोकावू नकोस. ‘बघू, कुणाकुणाला काय आवडलं?’ असं सगळ्यांसमोर विचारू नकोस. सगळ्यांत लांब यादीला बक्षीस देण्याचा खेळ काही जणी घेतात. मला तो अजिबात पसंत नाही. ज्या बाईला या महिन्यात हात आखडता घ्यायचाय, तिला तो खेळ उघडं पाडतो, आणि ज्या जिंकायला म्हणून सरसकट खुणा करतात त्यांच्या चिठ्ठीतून तुला काहीच कळत नाही. यजमानीणबाईंना एकूण विक्रीवर भेट मिळणार असेल, तर त्यांनाही चिठ्ठ्या दाखवू नकोस. मैत्रिणींच्या पाकिटाचा हिशोब त्यांच्या डोक्यात शिरला की त्या दिवसाची मजा तिथेच संपते.

ऑर्डर घेताना एका कोपऱ्यात दोन खुर्च्या टाक आणि एकेकीला बोलव. चिठ्ठी तिच्याच हातात राहू दे. तू फॉर्म घे. विचार, ‘यातलं आज काय घ्यायचं मनात आहे?’ मग गप्प बस. ती स्वतः वाचेल, एखादं खोडेल, एखाद्यावर रेंगाळेल. खोडलं की दचकू नकोस. जे तिने समोर बसून, विचार करून खोडलं, ते नंतर परत यायचं टळलं. जे रेंगाळलं, त्याच्यापुढे तिलाच ‘पुढे’ असं लिहायला सांग. फॉर्मवर घेताना मात्र चिठ्ठीतला क्रमांक नको, कॅटलॉगमधला पूर्ण कोड, रंग आणि माप वाचून दाखव. एकाच डब्याचे तीन आकार असले की चुका इथेच होतात. त्यातली वस्तू संपलेली निघाली तर काय चालेल, तेही तेव्हाच विचारून ठेव. न विचारता दुसरा रंग पाठवणं मला मान्य नाही, मग तो कितीही सुंदर असो.

आता चिठ्ठी कुणाकडे राहायची? मूळ चिठ्ठी पाहुणीबरोबर घरी गेली पाहिजे. तिथे ती पुन्हा वाचली जाते, घरच्यांना दाखवली जाते. तुला प्रत हवी असेल तर खाली कार्बन घाल किंवा फोटो काढ, पण आधी विचारून. फोन नंबरही तसाच: ‘यातलं काही उपलब्ध झालं तर कळवू का?’ असं विचारून, हो म्हणाली तरच. वाढदिवसाला तिच्या घरच्यांना यादी कळवायची कल्पना चांगली आहे, मात्र तिने स्वतः तसं सांगितलेलं असेल तरच. तिच्या इच्छा तिच्या नवऱ्याला सांगायचा अधिकार आपल्याला आपोआप मिळत नाही.

वहीत दर पाहुणीला एक पान ठेव आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिही. ‘निळा आला की सांगा’, ‘दिवाळीनंतर बघू’, ‘मुलीचं घर लागलं की सगळा संच घेईन’. मग निळा आला की फोन कर, आणि निळ्याचंच बोल. तिने न सांगितलेल्या दुसऱ्या चार वस्तू त्याच फोनवर सांगितल्यास तर पुढच्या वेळी ती तुझा नंबर बघून उचलणार नाही. एखादी वस्तू कॅटलॉगमधून कायमची जाणार असेल, तर ‘पुढे’ लिहिलेल्या सगळ्यांना मात्र नक्की कळव. एरवी उगाच घाई लावू नकोस.

ज्यांनी प्रत ठेवायला हो म्हटलंय, त्यांच्या चिठ्ठ्या पार्टीनंतर एकत्र बघ आणि क्रमांकनिहाय खुणा मोज. ऑर्डरींशेजारी त्या आकड्यांची मांडणी केलीस की तुला असं काही दिसेल जे नुसत्या विक्रीवरून कधी दिसणार नाही. आठ जणींनी खूण केली आणि एकीनेच घेतलं, म्हणजे वस्तू मनाला भावली पण किंमत किंवा माप आड आलं. तिथे लहान आकार आणून बघ. कुणीच खूण केली नाही, तर एकदा ती मांडणीत पुढे आणून बघ, आणि तरीही कोरीच राहिली तर पुढच्या वेळी घरी ठेव. पिशवीचं ओझं तेवढंच कमी होईल. मोठी यादी बघून एखादीला ‘तुमच्या घरी पार्टी ठेवली तर यजमानीण म्हणून तुम्हालाच लाभ होईल’ असं सुचवायला हरकत नाही. एकदाच सुचव. ती हसून विषय बदलते तेव्हा तुला उत्तर मिळालेलं असतं.

पुढच्या पार्टीसाठी चिठ्ठी तयार केलीस की छापायच्या आधी मला एक नमुना पाठव. अक्षर मोठं ठेव, दोन ओळींत अंतर सोड, आणि वस्तूंची नावं कंपनीची लांबलचक न लिहिता बायका ज्या नावाने मागतात ती लिही. कार्बनचे कागद माझ्याकडे बरेच पडून आहेत, हवे असतील तर घेऊन जा.

तुझी,
मावशी