संशोधनाचा निधी जिल्ह्याच्या प्रश्नांपर्यंत कसा पोहोचेल?

राज्याचे नावीन्यता धोरण आणि सरकारी संशोधन निधी समाजापुढील प्रश्नांशी जोडायचे तर नेमके काय बदलावे लागेल, असे आपण विचारले आहे. मी मराठवाड्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात शिकवतो, म्हणून पाण्याच्या उदाहरणाने उत्तर देतो. धोरणपत्रात पाणी, शेती, आरोग्य असे अग्रक्रम लिहिल्याने फारसे काही साधत नाही. संशोधनाचा प्रश्न कोण ठरवतो आणि आलेल्या उत्तराची दखल घेण्यास कोण बांधील असतो, यावर सारे अवलंबून आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांनी एका गावाची नळयोजना तपासली. उन्हाळ्यात तिथे वरच्या वस्तीला टँकर लागत असे, आणि विहीर आटते असेच सगळे धरून चालले होते. मुलांनी वीस लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन नळ मोजले. खालच्या आळीत बादली अर्ध्या मिनिटात भरत होती, वस्तीवर चार मिनिटे उलटली तरी भरत नव्हती. विहिरीत पाणी होते. खालचे नळ सुरू असताना वर दाब पोहोचत नव्हता. व्हॉल्व्ह बसवून वस्तीला वेगळी वेळ दिली असती, तरी बराच फरक पडला असता. असाच अभ्यास तालुक्यातील सर्व योजनांचा करावा, असा प्रस्ताव आम्ही एका निधी देणाऱ्या संस्थेकडे पाठवला. ‘संशोधनमूल्य नाही’ एवढ्या शेऱ्यासह तो परत आला. तो शेरा मला आजही सलतो, कारण पाण्याचा दाब कसा काढायचा हे शास्त्राला ठाऊक असले, तरी त्या तालुक्यात तो कोणीच काढलेला नव्हता.

युरोपीय संघाने २०१४ ते २०२० या काळात, प्रादेशिक विकास निधीतून नावीन्यतेसाठी पैसा हवा असल्यास प्रत्येक प्रदेशाने आधी ‘स्मार्ट स्पेशलायझेशन’ची, म्हणजे मोजकी क्षेत्रे निवडून त्यांवर निधी एकवटण्याची, रणनीती आखावी, अशी अट घातली होती. तिचा भर प्रदेशाच्या बलस्थानांवर होता, आणि ज्या प्रश्नामागे बाजारपेठ नाही तो अशा निवडीत सहज मागे पडतो. २०२१ पासूनच्या ‘होरायझन युरोप’ या संघाच्या संशोधन निधी कार्यक्रमात हवामान बदलाशी जुळवून घेणे, कर्करोग, समुद्र व जलस्रोत, शहरे आणि माती अशी पाच ‘मिशन’ ठेवली गेली, म्हणजे निदान तिथे तरी सुरुवात प्रश्नापासून झाली.

प्रश्नापासून सुरुवात करण्याची ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे आपापल्या विभागाची पिके आणि जमीन डोळ्यांपुढे ठेवूनच उभी राहिली. अभियांत्रिकीत तसे घडले नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानाने महाविद्यालयांना जिल्हा प्रशासनाच्या कामाशी जोडण्याचा मार्ग दाखवला, तर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईच्या मदतीने गावपातळीवरचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाऊस किती, वाहून किती गेला, मातीत किती मुरला आणि पिकांना किती पाणी लागते याचा हिशेब, गावाच्या आराखड्यात आला. तो हिशेब कोणी वापरायचा हे आधीच ठरलेले होते, हे मला त्यातील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे की, राज्याच्या संशोधन निधीचा ठरावीक वाटा जिल्ह्यांसाठी राखावा आणि प्रश्न जिल्हा परिषदेने, पाणीपुरवठा किंवा आरोग्य विभागाने लेखी मांडावा. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असतेच; तिच्यातून यंत्रांच्या खरेदीबरोबर अभ्यासही व्हावेत. प्रस्तावाचे मूल्यमापन करताना नवेपणाबरोबर ‘हे या जिल्ह्यात आधी मोजले गेले आहे का’ हेही विचारावे, आणि शिक्षकाच्या पदोन्नतीत अशा अहवालाला शोधनिबंधाइतकेच गुण मिळावेत, नाहीतर तरुण प्राध्यापक या वाटेला जाणार नाहीत. अहवाल मिळाल्यावर संबंधित विभागाने ठरलेल्या मुदतीत, काय स्वीकारले आणि काय का नाकारले, हे लेखी कळवावे. त्या वस्तीच्या नळांची मोजणी संबंधित कार्यालयात पोहोचली होती. तिला उत्तर मात्र कधीच आले नाही.