चौथा पेनड्राईव्ह घ्यायच्या आधी

तर तुझं म्हणणं असं की जुन्या डेस्कटॉपवर ओपनमीडियाव्हॉल्ट (म्हणजे ओएमव्ही, घरच्या स्टोरेज सर्व्हरची सिस्टीम) टाकलंयस, बूट पेनड्राईव्हवरनं होतंय, डॉकरमध्ये (प्रत्येक ॲप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) सिनेमांसाठी जेलीफिन आणि फोटोंसाठी इमिच चालू आहे, आणि १४ महिन्यांत तिसरा पेनड्राईव्ह गेला. आता कुठल्या कंपनीचा घेऊ, असं विचारूलास. भावा, कंपनी बदलून काय होणार की, तुझ्या मशीनमध्ये कोण तरी त्याला मारतंय, आधी ते कोण ते धर.

मी पण ह्यातनं गेलोय. मावसभावाचा खानापूरला फोटो स्टुडिओ आहे, तिथला सर्व्हर मीच लावून दिलेला, आणि मी बेळगावात, म्हणजे दर वेळी पेनड्राईव्ह मेला की पावसात गाडी काढून जायचं. दोनदा मुकाट्यानं बदलला, तिसऱ्यांदा मात्र तिथंच ठाण मांडून बसलो.

पेनड्राईव्ह का मरतो ते आधी बघ. आतल्या फ्लॅशवर थेट खोडून लिहिता येत नाही, थोडंसं बदलायचं असलं तरी मोठा ब्लॉक पुसून परत लिहावा लागतो, म्हणजे एक अक्षर बदलायला अख्खी पाटी पुसायची असला प्रकार. आणि प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो. एसएसडीत (चिपवाल्या डिस्कमध्ये) लिहिणं सांभाळणारा कंट्रोलर हुशार असतो, झीज सगळीकडं सारखी वाटतो, स्वस्तातल्या पेनड्राईव्हात ते जेमतेम असतं, आणि तब्येत दाखवणारी स्मार्ट नावाची सोय पण बहुतेकांत नसतेच. त्यामुळं तो आधी आजारी पडत नाही, डायरेक्ट जातो. एक खूण मात्र असते, सेटिंग बदलली, सेव्ह झाली म्हणाला, आणि रिबूट केल्यावर जुनीच सेटिंग परत आली, असं झालं की समज की त्यानं लिहून घ्यायचं बंद केलंय.

आता लिहितंय कोण. आधी आयओस्टॅट कमांडनं (ती प्रत्येक डिस्कचे आकडे देते) बघ की पेनड्राईव्हवर तासाला एकूण किती लिहिलं जातंय, मग आयओटॉप ही दुसरी कमांड चालव, त्याला ए आणि ओ हे दोन ऑप्शन दे, म्हणजे चालू केल्यापासनं कुणी किती लिहिलं ते जमा होत जातं आणि गप्प बसलेले प्रोसेस दिसत नाहीत. पण आयओटॉप सगळ्या डिस्कांचं मिळून दाखवतो, म्हणून दोन्ही लागतात.

तुझ्याकडं माझा पहिला संशय डॉकरवर आहे. डॉकर स्वतःहून सगळं व्हार-लिबमधल्या आपल्या फोल्डरात ठेवतो आणि ते फोल्डर म्हणजे तुझा पेनड्राईव्हच की! इमेजेस, कंटेनरचे लॉग, आणि नीट पाथ दिला नसशील तर इमिचचा पोस्टग्रेस डेटाबेस सुद्धा. डेटाबेस पेनड्राईव्हवर म्हणजे खूनच. ओएमव्हीच्या कंपोज प्लगिनच्या (डॉकर सांभाळणारा) सेटिंगमध्ये डॉकर स्टोरेजची जागा बदलता येते, ती डेटा डिस्कवर ने. कंटेनरच्या लॉगला पण मर्यादा घाल, १० एमबीच्या तीन फाइली पुष्कळ झाल्या, नाहीतर तो जेसन लॉग वाढतच राहतो.

आणि हे नीट वाच, कारण स्टुडिओत हेच निघालं. तिथं सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा कंटेनर होता, पाथ बरोबर डेटा डिस्कचा दिलेला. पण लाईट जाऊन आली की ती म्हातारी हार्डडिस्क कधी कधी उशिरा जागी व्हायची, माउंट व्हायची नाही (म्हणजे सिस्टीमला जोडली जायची नाही), आणि डॉकर तोवर सुरू होऊन बसायचा. त्याला काय, त्या नावाचं फोल्डर दिसतंय ना, मग लिही! ते फोल्डर माउंट नसताना पेनड्राईव्हवरचं असतं, तर चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग रात्रभर पेनड्राईव्हवर. सकाळी रिबूट केलं की डिस्क माउंट होऊन ते सगळं तिच्याखाली झाकलं जायचं, त्यामुळं आम्हाला काही दिसायचंच नाही, फक्त पेनड्राईव्ह भरलाय म्हणून बोंब. आता डॉकरच्या सर्व्हिसला सांगून ठेवलंय की डिस्क माउंट झाल्याशिवाय उठायचं नाही, शिवाय डिस्क अनमाउंट करून ते रिकामं फोल्डर चॅटर कमांडनं कुलूपबंद केलंय, म्हणजे माउंट नसेल तर लिहायला गेलं की एररच येते. तुझं पण एकदा डिस्क अनमाउंट करून खाली काय दडलंय ते बघच.

बाकीचं किरकोळ आहे. ओएमव्हीसाठी फ्लॅशमेमरी नावाचा प्लगिन आहे, ओएमव्ही-एक्स्ट्राज ह्या जादा प्लगिनांच्या साठ्यातनं मिळतो, तो लॉगबिगची फोल्डरं रॅममध्ये ठेवतो आणि बंद करताना पेनड्राईव्हवर उतरवतो. तू तो टाकलायस का ते लिहिलंच नाहीस. सिस्टीमचे ग्राफ काढणारं मॉनिटरिंग बघत नसशील तर बंद कर, ते सारखं खुडबुड करत असतं. एफएसटॅबमध्ये (डिस्क कशी माउंट करायची ती फाइल) नोएटाईम टाक, म्हणजे फाइल नुसती वाचली तर वेळेची नोंद लिहिली जात नाही. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, पेनड्राईव्हवर नको.

पण रॅममधलं उतरवायला मशीन नीट बंद तर झालं पाहिजे, आणि इथंच आपल्या भागाची गोची आहे. आषाढात खानापूर, जांबोटी, लोंढ्याकडं झाड पडलं की लाईट गेली, शेजारचे काका ओट्यावरनं 'करंट होयतु' म्हणून ओरडणार, दहा मिनिटांत लाईट येणार, परत जाणार. इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नाही घेतला म्हणतोस, पण इन्व्हर्टरच्या मागं एक बटण असतं बघ बऱ्याच जणांत, यूपीएस आणि इको किंवा नॉर्मल असं लिहिलेलं. घरी ते बहुतेक इकोवर असतं, कारण व्होल्टेज कमी असलं तरी चालतं. त्यात बॅटरीवर जायला वेळ जास्त लागतो, आणि कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) साधारण १६-१७ मिलीसेकंदच तग धरतो, त्यातनं जुना असेल तर तेवढाही नाही. पंखा फिरत राहतो म्हणून आपल्याला वाटतं काही झालं नाही, इकडं सर्व्हर गचकन रिस्टार्ट. अपटाईम (मशीन कधीपासनं चालू आहे ते) बघ, लाईट जायच्या वेळेशी जुळला तर झालं उत्तर. लिहिता लिहिता करंट तुटला की पेनड्राईव्हचा स्वतःचा हिशोब पण बिघडतो आणि तो कधी कधी मशीनला दिसायचाच बंद होतो. छोटा यूपीएस घे यूएसबी वायरवाला, नट (यूपीएसशी बोलणारं सॉफ्टवेअर) लाव, बॅटरी उतरली की मशीन आपोआप नीट बंद होतं.

आणि खरं सांगू का, पेनड्राईव्हचा हट्ट सोड. तुझ्या डेस्कटॉपात साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) रिकामा असणारच, जुन्या लॅपटॉपमधनं निघालेली १२० जीबीची एसएसडी लाव, स्टुडिओत तीच लावली. क्लोनझिला ह्या सॉफ्टवेअरनं क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, केलं की झालं. फक्त क्लोननंतर पेनड्राईव्ह काढून मगच चालू कर, दोन्हीचा यूयूआयडी (ओळख पटवायचा नंबर) एकच असतो, दोन्ही जोडलेले असले की बूट एकावरनं आणि रूट (मुख्य सिस्टीम) दुसऱ्यावर असला घोळ होतो आणि तू एसएसडीवर आहेस समजून बसतोस. माझी त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, मावशीनं तीनदा चहा केला.

पोर्ट नसेलच तर एसएसडी साटा-यूएसबी केबलनं जोड, तरी पेनड्राईव्हपेक्षा लाखपट बरी. तेही जमत नसेल आणि पेनड्राईव्हच ठेवायचा असेल तर लागतो त्यापेक्षा मोठा घे, म्हणजे झीज वाटायला जागा राहते, घेतल्यावर एफथ्री ह्या खरी जागा मोजणाऱ्या टूलनं तपास, कारण बाजारात ६४ जीबी लिहिलेलं आत ८ निघतं, मागच्या यूएसबी २ पोर्टला लाव, तिथं तापतो कमी आणि पोराटोरांचा हात लागत नाही. एक क्लोन करून पाकिटात घालून कॅबिनेटलाच चिकटवून ठेव.

आज रात्री आयओटॉप दोनेक तास चालू ठेव आणि वरची पाच नावं मला पाठव. इन्व्हर्टरचं बटण कुठं आहे तेही बघून सांग.