उणे अठरा, चोवीस युनिटची बॅटरी आणि एक घोंगडं

भावा, तुझा मेसेज येऊन तीन दिवस झाले. जानेवारीत नॉर्वेत हामारला जॉइन व्हायचंय, तिथे सगळे इलेक्ट्रिक गाडीच घ्या म्हणतात, पण उणे वीसमध्ये हीटर लावला तर बॅटरी अर्ध्या वाटेत संपेल का, वहिनी आणि साडेपाच वर्षांची पोरगी गारठतील का, का आपली पेट्रोलचीच बरी, असं तू विचारलंस. आणि शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, "दादा, तिकडे लई एकटं वाटतं का?" उत्तर पाच ओळींत बसलं असतं. लिहायला बसलो आणि हे एवढं झालं. कंटाळा आला तर गाडीचं तेवढं वाच, बाकीचं सोड.

व्हिसा, टॅक्स कार्ड, पत्त्याची नोंदणी यातलं काही मी सांगत नाही. ते सरकारी साइटवर इंग्रजीतही आहे.

पेट्रोलची घेऊ नकोस. २०२४ साली इथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत शंभरातल्या जवळपास ८९ पूर्ण विजेवरच्या होत्या. एवढी माणसं गारठून मरत नाहीत. फक्त गाडी गरम कशी होते ते आधी समजून घे, म्हणजे माझ्यासारखा येडेपणा करणार नाहीस.

लहानपणी गुऱ्हाळावर गेला असशीलच. चुलवाणात चिपाड ढकलतात ते काहिलीतला रस आटवायला. आपण थंडीत त्याच्या तोंडाशी जाऊन बसायचो, ती ऊब फुकटची. गुळव्याला त्याचा काही हिशेब नसायचा. पेट्रोलचं इंजिन तसलंच चुलवाण आहे. जळालेल्या पेट्रोलमधली साधारण दोन तृतीयांश ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते, त्यातलीच थोडी हीटर आत सोडतो. इलेक्ट्रिक मोटर उष्णता फारशी वाया घालवतच नाही. म्हणजे चुलवाणच नाही. आतली प्रत्येक ऊब बॅटरीतून काढायची.

साधा हीटर असेल तर थंडगार गाडी तापवताना तो पाच किलोवॉटच्या आसपास ओढतो आणि आतली हवा गरम झाली की दोन-तीनवर येतो. हीट पंप असेल तर फ्रिज उलटा चालवल्यासारखं काम होतं. बाहेरच्या गार हवेतूनही तो उष्णता ओढून आणतो, म्हणून एक युनिट विजेत दोन-अडीच युनिटांची ऊब मिळते. थंडी फारच वाढली की हा फायदा कमी होत जातो, पण जुनी गाडी घेताना हीट पंप आहे का हे विचारच. आणि सीटचा हीटर? एका सीटला ५० ते १०० वॉट. चारही सीटा आणि स्टिअरिंग तापवलं तरी आपल्या घरातल्या मिक्सरएवढी वीज. गाडीतली सगळी हवा तापवण्यापेक्षा माणसाची पाठ तापवणं कितीतरी स्वस्त.

हे वाचून तू लगेच ठरवशील की हीटर बंद आणि सीट चालू. मीही तेच ठरवलं होतं.

माझी पहिली गाडी म्हणजे निसानची जुनी इलेक्ट्रिक लीफ, २४ युनिटची बॅटरी, तीही झिजलेली, हीट पंप नाही. थंडीत ७०-८० किलोमीटर गेली तरी मी मनातल्या मनात जोतिबाला हात जोडायचो. पोरीची शाळा नऊ किलोमीटरवर. सकाळी उणे अठरा, बाहेर काळोख, डिसेंबरात इथे नऊच्या पुढे उजाडतं आणि तीनच्या सुमारास मावळतं. मी हीटर बंद ठेवायचो. माझी सीट गरम, स्टिअरिंग गरम, डोळे टक्क्यांच्या आकड्यावर. पोरगी मागे तिच्या चाइल्ड सीटवर, म्हणजे गाडीच्या तापणाऱ्या सीटची ऊब तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन आठवड्यांनी शाळेतून चिठ्ठी आली, दोनच ओळींची: मुलीला लोकरीचे मोजे द्या, ती सांगते की गाडीत पायाची बोटं दुखतात.

मला ती बोलली नव्हती. का, तर "बाबा बॅटरी वाचवतायत."

त्या रात्री मी हिशेब केला. हीटर पूर्ण वेळ चालवला असता तर वीस मिनिटांत दीड-पावणेदोन युनिट. चालायला लागणाऱ्या विजेएवढाच. टक्केवारीत बघशील तर भयानक, गाडीची रेंज निम्मी झाली म्हणून बोंब मारशील. पण जायचं होतं किती? अठरा किलोमीटर जाऊन-येऊन. रात्री घरी प्लग होताच. इथल्या एका कप कॉफीच्या पैशात आठवडाभर हीटर चालला असता. जिथं वाचवायची काहीच गरज नव्हती तिथं मी पोरीच्या बोटांवर वाचवत होतो. म्हणून सांगतो, शाळा, दुकान, ऑफिस यासाठी बिनधास्त जाळ. काटकसर करायची ती लांबच्या प्रवासात, आणि मजा म्हणजे तिथे हीटरचा वाटा कमीच असतो. ९० च्या वेगाला गाडी स्वतःच सतरा-अठरा किलोवॉट खाते, त्यापुढे हीटरचे दोन म्हणजे काय?

खरी युक्ती निघण्याआधीची आहे. गाडी प्लगला असतानाच निघायची वेळ लावून ठेव. वीज भिंतीतून येते, बॅटरी भरलेलीच राहते, काचेवरचं बर्फ सुटतं. चार्जिंगही निघायच्या थोडं आधी संपेल असं लाव, म्हणजे चार्जिंगनंच बॅटरीला जरा ऊब आलेली असते. गार बॅटरी लवकर चार्ज घेत नाही आणि ब्रेकच्या वेळी परत येणारी वीजही नीट घेत नाही. पहिल्या दिवशी पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावली नाही तर घाबरू नकोस.

पोरीचं जाड जाकीट गाडीत काढायचं. हे मला इथल्या एका शेजारणीनं जवळजवळ रागावून सांगितलं. पट्टा जाकिटावर आवळला जातो, पोराच्या अंगावर नाही, आणि धक्का बसला की पोर आत सैल. आत लोकरीचा पातळ थर, वरून पट्टा, त्याच्यावर पांघरूण. गाडी आधीच तापवलेली असली की पोरं कुरकुरत नाहीत. स्वेटर तिकडून पोतं भरून आणू नकोस. आपल्याकडे थंडीत रस्त्याकडेला मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे, घाम आला की गार पडतात. इथे लहान पोरं बारा महिने बाहेर खेळतात, आणि त्यांच्या अंगाला लागून खरी लोकर असते.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. सवय होते. पुढे.

कागदांचं मात्र सांगतोच, कारण अजून डोकं तापतं. आमच्या पोरीच्या जन्मदाखल्यात नावच नव्हतं. बारसं व्हायच्या आधी नोंद झाली, नावाचा रकाना कोरा, आणि पाच वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही. मी ऑक्टोबरात इथे आलो, त्या दोघी महिनाभरात येणार होत्या. मग नाव घालायचा अर्ज, मग बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, मग ॲपॉस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून घ्यायचा सरकारी शिक्का, त्यात एका बाबूनं स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त घातला आणि सगळं पहिल्यापासून. पाच महिने. बायको पोरीला काखोटीला मारून दाखले गोळा करत फिरत होती आणि मी इथून फोनवर तिच्यावरच ओरडत होतो.

इकडे माझं लायसन. आपलं भारतातलं तीन महिने चालतं, मग पहिलीपासून शिका. पंधरा वर्षं कोल्हापुरात गंगावेशीत संध्याकाळी गाडी घातलेला माणूस मी, मला अंधारात गाडी चालवायचा वर्ग आणि घसरड्यावर चालवायचा वर्ग. दोन लाखांच्या वर गेले. (घसरड्याचा वर्ग कामाचा निघाला हे कबूल करतो.) तोवर लीफ घेऊन झाली होती, ती उभी. मी चौघांत एक घर घेऊन राहत होतो, भिंती पातळ. आवारात पूर्वी पेट्रोल गाड्यांचं इंजिन रात्रभर गरम ठेवण्यासाठी बसवलेला प्लग होता. संध्याकाळी मी त्या चालवता न येणाऱ्या गाडीत जाऊन बसायचो, प्लग लावून, हीटर लावून, आणि घरी फोन करायचो. इथे सहा वाजले की तिकडे साडेदहा. पोरगी झोपलेली असायची. बायको फोन तिच्या तोंडाजवळ धरायची. मी झोपलेलं पोर बघत बसायचो आणि माझ्या श्वासानं काचा धुरकट व्हायच्या.

त्यावरून आठवलं, काचा. आतलीच हवा फिरवायचं बटण थंडीत बंद ठेव. बाहेरची कोरडी हवा येऊ दे, आणि धुकं धरलं की एसी लाव, थंडीतसुद्धा, तो हवेतला ओलावा काढतो. बुटाचं बर्फ झाडून आत बस, नाहीतर तेच वितळून काचेवर चढतं.

शाळेचं लिहू का नको असं झालंय. पहिल्या वर्षी पालकभेटीला शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, मुलगी बोलतच नाही, घरी नॉर्वेजियन बोलत जा. माझी पोरगी! कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाल्या मावशीशी भाव करणारी. मी उलट बोलायला हवं होतं. बोललो नाही. नवीन माणूस, वाटलं यांना कळत असेल. दीड वर्ष आम्ही नवराबायको घरात मोडकंतोडकं नॉर्वेजियन बोलत राहिलो, पोरगी आमच्या चुका काढायची. ती शिकली, झकास शिकली. पण मराठी ऐकायची राहिली. आता बाराची आहे. आज्जीचं सगळं समजतं, उत्तर "या, या" असं देते, म्हणजे नॉर्वेजियनमध्ये "हो, हो", आणि आज्जीला वाटतं ती "ये" म्हणतेय. माझी आई दर वेळी म्हणते, "येते बाळ, गुडघं बरं झालं की."

त्या चिठ्ठीनंतर मी हीटर लावायला लागलो आणि एक नियम केला: गाडीत मराठी. वीस मिनिटं जायची, वीस यायची. तेवढीच टिकली. घरी नॉर्वेजियन बोला असला सल्ला तू ऐकू नकोस. घरात कोल्हापुरी बोला, शिव्या वगळून. शाळेची भाषा पोरं आपोआप उचलतात.

लांबच्या प्रवासाचं थोडक्यात. वाटेतलं जलद चार्जर नकाशात ठिकाण म्हणून टाक, म्हणजे नवीन गाड्या पोचेपर्यंत बॅटरी तापवून ठेवतात. रात्रभर थंडीत उभी करून सकाळी चार्जिंगला जाण्यापेक्षा रात्री पोचल्या पोचल्या, बॅटरी गरम असताना चार्ज कर. उन्हाळ्यात ४०० जाणारी थंडीत २७०-२८० धर, म्हणजे मनस्ताप नाही. बर्फात रस्ता बंद होऊन अडकलास तर? गाडी उभी असताना हीटरला दीड-दोन किलोवॉट पुरतात. तीस युनिट शिल्लक असतील तर रात्र निघते, आणि सायलेन्सर बर्फात गाडला जाऊन विषारी धूर आत यायची भीती नाही. म्हणून थंडीत २०-३० टक्क्यांच्या खाली जाऊच नकोस. दर दहा डिग्रीला टायरची हवा साधारण दोन पीएसआयने उतरते, ती बघत जा. आणि मोठी बॅटरी फुल्ल असताना बारा व्होल्टची छोटी बॅटरी मेली की रिमोटनं दारही उघडत नाही. माझं झालंय, त्याच दिवशी पालकभेट होती.

सामानात जागा असेल तर पट्टणकोडोलीचं घोंगडं आण. टोचतं, पण ओलसर झालं तरी ऊब सोडत नाही, आणि पोरीच्या पायावर टाकलं की हीटर दोन डिग्री कमी चालतो. आईनं पाठवलेलं आमचं गाडीत मागे असायचं. वजनाचं जमत असेल तर दोनच आण, एकाचे पैसे मी देतो. आमचं पोरीनं तिच्या खोलीत नेलंय, मागितलं तर देत नाही.

आणि वहिनींना सांग, जन्मदाखला कपाटातून काढून नावाचा रकाना बघा. आज बघा.