चालू कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) शेकडो इन्स्ट्रक्शन एकदम कशा बदलायच्या?

भाऊ, कर्नल ५.३ पेक्षा जुना असेल तर जंप लेबल (एखादी सोय चालू-बंद करायला कोडमधली इन्स्ट्रक्शनच बदलणारा स्विच) चालू-बंद करताना नागपूरच्या मिहानमधल्या तुमच्या लिनक्स सर्व्हरचे सगळे कोअर अडखळतात, कारण एक्स८६ वर (इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) प्रत्येक जागा तीन टप्प्यांत बदलते: पहिल्या बाइटवर इंट३ (कोअरला थांबवून कर्नलच्या हँडलरकडे पाठवणारी एका बाइटची इन्स्ट्रक्शन), मग उरलेले बाइट, शेवटी पहिला बाइट. दर टप्प्यानंतर सगळ्या कोअरना आयपीआय, म्हणजे एका कोअरनं बाकीच्यांना हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा. १०० जागा म्हणजे ३०० फेऱ्या! व्हरायटी चौकात एकेका गाडीसाठी सिग्नल लाल केल्यासारखं.

त्यापेक्षा जागा रांगेत जमवा आणि प्रत्येक टप्पा सगळ्यांवर एकदमच उरका; फेऱ्या तीनच. रांग मात्र पत्त्यांच्या चढत्या क्रमानंच हवी. मधेच एखादा कोअर इंट३ वर आदळला तर हँडलर बायनरी सर्चनं (क्रमानं लावलेली रांग दर वेळी निम्मी करत) त्या जागेची नोंद शोधतो आणि नव्या इन्स्ट्रक्शनचं काम स्वतः करून देतो. लिनक्स ५.३ पासून जंप लेबलसाठी हे कर्नलमध्येच आहे. जुना कर्नल असेल तर आधी तो बदला ना!